उंचीच्या रेघा

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे रंगारी यायचा, आणि ही त्याला दर खेपेला एकच ताकीद द्यायची, "हवा तिथे ब्रश फिरवा, पण स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावायचा नाही!" त्या सागवानी चौकटीवर आमच्या दोन्ही मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. वाढदिवसाला ओवाळून झाले की मुलाला चौकटीशी उभे करायचे, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, पेन्सिलीने रेघ ओढायची आणि शेजारी तारीख घालायची. कुणी हळूच टाचा उचलतो की काय, यावर हिची घारीसारखी नजर! वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी चौकट असेलच.

हीच रेघ एका कलावंताने थेट संग्रहालयाच्या भिंतीवर नेली आहे, हे मला २००९ च्या उन्हाळ्यात कळले. आम्ही दोघे थोरल्याकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. त्याने आम्हाला तिथल्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नेले. नवी कला म्हटली की मी आधीच धास्तावलेला. त्यात एका दालनात तर चित्रच नव्हते. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर काळ्या रेघा, नावे, तारखा. संग्रहालयातला माणूस येईल त्याला भिंतीशी उभे करी, डोक्याजवळ रेघ ओढी आणि नाव व तारीख लिही. पोरासोरांची नावे खाली विरळ विखुरलेली, आणि मोठ्यांच्या डोक्यांच्या पातळीवर इतकी गर्दी की भिंतीला काळा पट्टाच पडलेला. २००७ सालच्या या कलाकृतीचे नाव 'मेजरिंग द युनिव्हर्स', म्हणजे विश्वाचे मोजमाप. घरोघरी आईबाप मुलांची उंची टिपतात, त्या रिवाजावरूनच ती सुचलेली.

कर्ता होता रोमान ओंडाक. जन्म १९६६ चा, स्लोव्हाकियातल्या झिलिना गावचा. तेव्हा तो मुलूख चेकोस्लोव्हाकियात होता आणि तिथे कम्युनिस्ट राजवट होती. १९८८ साली ओंडाक ब्रातिस्लाव्हाच्या ललितकला अकादमीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी ती राजवट कोसळली, १९९३ च्या पहिल्या दिवशी स्लोव्हाकिया वेगळे राष्ट्र झाले, आणि १९९४ साली त्याचे शिक्षण संपले. विद्यार्थी तोच, शहर तेच; देश मात्र दुसरा!

अशा माणसाला रोजच्या साध्या गोष्टींकडे निरखून बघण्याची सवय लागली, तर नवल काय? त्या राजवटीत दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागत. ओंडाकने २००३ मध्ये त्या रांगेचीच कलाकृती केली. काही माणसे संग्रहालयात उगीचच शिस्तीत रांग लावून उभी राहतात. कशासाठी, ते कुणी सांगत नाही. बघणारे थबकतात, कुणी मागे उभेही राहतात. लंडनच्या टेट संग्रहालयाने ही रांग चक्क विकत घेतली. मी थोरल्याला म्हटले, "अरे, आमच्या रेशनच्या दुकानासमोर त्यांना फुकट मिळाली असती!" पण हसता हसता आठवले, रॉकेलच्या रांगेत माझ्या पुढे-मागे उभी असलेली माणसे मला अजून चेहऱ्यांनिशी आठवतात. रांगेत नुसती वाट बघणे नसते, शेजारही असतो.

ब्रातिस्लाव्हापासून व्हिएन्ना जेमतेम साठ किलोमीटर. पण १९८९ पर्यंत मध्ये पोलादी पडदा होता. २००१ साली ओंडाकने स्लोव्हाक नंबरपाट्यांच्या काही जुन्या स्कोडा मोटारी व्हिएन्नाला आणवून तिथल्या नामांकित सेसेशन कलादालनामागे दोन महिने नुसत्या उभ्या करून ठेवल्या. तेवढेच. पण ज्यांना ती सीमा ठाऊक होती, त्यांना निराळे काही सांगावे लागले नसेल.

२००९ च्याच व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याने आपल्या देशाच्या दालनाची दारे पुढून-मागून उघडली आणि बाहेरच्या बागेतली झाडेझुडपे व पाऊलवाट आतून तशीच पुढे नेली. लोक आत शिरत, बाहेर पडत; आपण प्रदर्शन पाहिले हे कित्येकांच्या ध्यानीही येत नसे. २०१६ मध्ये एका ओक वृक्षाच्या खोडाच्या शंभर चकत्या करून त्याने प्रत्येकीवर १९१७ पासूनच्या एकेका वर्षातली एक घटना नोंदवली. रोज एक चकती भिंतीवर चढे; शंभर दिवसांत शतक पुरे!

त्या दिवशी न्यूयॉर्कला आम्ही सगळे भिंतीशी उभे राहिलो. ही मात्र मागे रेंगाळत होती. "माझी उंची कशाला मोजायची?" म्हणाली. सुनेने आग्रहाने पुढे केले. रेघ ओढून झाली, नाव लिहून झाले. ही वळून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांना मोजलं हो मी. मला कुणी कधी मोजलंच नव्हतं."

प्रदर्शन संपले, ती भिंत केव्हाच पुन्हा पांढरी झाली. २०१९ साली ही गेली.

आता आमची इमारत पुनर्विकासासाठी पाडायची आहे. घर रिकामे करायला थोरला आणि सूनबाई आली आहेत. ती चौकट सुतार उद्या अलगद काढून देणार आहे. काल रात्री आम्ही तिच्यासमोर बसलो होतो. मुलांच्या रेघा होत्या, नातवाच्याही दोन होत्या. हिची नव्हती.

सूनबाई उठली आणि चौकटीशी उभी राहिली. "आई माझ्या कानापर्यंत यायच्या," ती म्हणाली. मी तिच्या कानाशी पट्टी धरली, थोरल्याने रेघ ओढली आणि शेजारी नाव लिहिले.

तारीख कोणती घालायची, यावर जरा विचार झाला. मग आम्ही न्यूयॉर्कचीच घातली: उन्हाळा, २००९.