शक्तिमान परत आणायचा, पण कुणासाठी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. आजचा प्रश्न असा: जुना सुपरहिरो नव्या पोरांसाठी परत आणायचा, तर त्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं?

मोबाईल हँग झाला की आपण रीबूट करतो. डेटा जात नाही, सुरुवात फक्त नव्यानं होते. सीरिजचंही तसंच. पात्र तेच, सुरुवात नवी. याचे साधारण तीन मार्ग दिसतात.

पहिला : हिरो तोच, माध्यम नवं. 'शक्तिमान' दूरदर्शनवर १९९७ ते २००५ चालला. २०११ मध्ये सोनिक चॅनेलवर तो कार्टून होऊन आला. यात एक गोची आहे बघा. मुकेश खन्ना गरगर फिरून उडायचे, तेव्हा खराखुरा माणूस उडतोय याचं अप्रूप होतं. कार्टूनमध्ये तर मांजरसुद्धा उडतं! म्हणजे माध्यम बदललं की जुनी जादू आपोआप सोबत येत नाही.

दुसरा : हिरोचं वय कमी करणं. २०११ च्या 'सिंघम'मधल्या बाजीराव सिंघमवरून २०१८ मध्ये 'लिटल सिंघम' आला. पोरांना आपल्याच वयाचा हिरो मिळाला, म्हणून ते जवळचं वाटतं. पण मोठ्या बाजीरावचा राग सडलेल्या व्यवस्थेवर होता. हिरो लहान झाला की तो राग पातळ होतो आणि उरते व्हिलनची धुलाई.

तिसरा : गोष्ट तिथूनच पुढे नेणं. 'एक्स-मेन'ची जुनी कार्टून मालिका १९९२ ते १९९७ चालली. २०२४ मध्ये 'एक्स-मेन ९७' आली आणि गोष्ट जिथं थांबली होती तिथूनच सुरू झाली. ओळखीची धून, काही पात्रांचे आवाजही तेच. पण कथा जास्त गंभीर, कारण जुने प्रेक्षक आता तिशी-चाळिशीत आहेत. 'जे वेगळे आहेत त्यांचा लोक द्वेष करतात' हा गाभा मात्र हलवला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जुनी सिस्टिम नव्यानं लिहिताना आम्ही आधी एकच गोष्ट शोधतो: लोक नक्की कशावर अवलंबून आहेत? तेवढं जपायचं, बाकी सगळं बदललं तरी चालतं.

आता हाच प्रश्न शक्तिमानला लावू. २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं त्याच्यावर तीन सिनेमांची घोषणा केली. मग रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं आणि २०२४ मध्ये मुकेश खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला. सगळा वाद कशावर? तो ड्रेस कोण घालणार यावर. नऊ वर्षांच्या पोराला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही.

माझ्या मते शक्तिमानचा गाभा तो ड्रेस नाही, गंगाधर आहे. चष्मा, पुढे आलेले दात, सगळे ज्याला हसतात असा फोटोग्राफर. वर्गात ज्याची टिंगल व्हायची, त्या प्रत्येक पोराला वाटायचं, आपल्याही आत काहीतरी आहे. आज तर टिंगल वर्गात संपत नाही, ग्रुपवर फॉरवर्ड होत घरापर्यंत येते. मग गंगाधरची गरज तेव्हापेक्षा आज जास्तच आहे की!

आणि हे जमू शकतं. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बघा. तो सुपरहिरो नाही, पण २०१७ च्या सिनेमात तो मोठा झाला, मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात आला, मोबाईलच्या जगात वावरला. तरी त्याची चौकस बुद्धी आणि ते 'ट्टॉक्' शाबूत राहिलं, म्हणून तो फाफेच वाटला.

जाता जाता एक काम देतो. घरातल्या एखाद्या भाच्या-पुतणीला शक्तिमानचा जुना भाग लावून द्या आणि गप बसा. 'आमच्या वेळी' असं काही बोलायचं नाही. पोरगं कुठं स्किप करतंय आणि कुठं थांबतंय, एवढंच बघा आणि आम्हाला कळवा. जिथं ते थांबेल, तिथून नवा शक्तिमान लिहायला घ्यावा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!