बुद्धिबळाच्या पटाशेजारचे घड्याळ

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९२४ सालच्या कथेतील दोन सरदार, १८५६ मध्ये लखनौचे राज्य बुडत असताना, डावात गढून गेलेले असतात. त्यांच्या पटाशेजारी घड्याळ नव्हते. हवा तितका वेळ विचार करावा, ही त्या काळची रीतच होती आणि ती एकट्या अवधची नव्हती. युरोपातही प्रतिस्पर्धी कंटाळून चुकेल या आशेवर तासन्तास बसून राहणारे खेळाडू होते. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घटिकापात्रे आली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन यांची, एका दांडीवर बसविलेली घड्याळांची जोडी आली. एक थांबले की दुसरे चालू होई.

ही जोडघड्याळे पुढे शंभर वर्षे टिकली. पण त्यांत एक मूळचे वैगुण्य होते. दोन खेळाडूंची दोन यंत्रे वेगवेगळी असत. एक किंचित पुढे धावले आणि दुसरे मागे रेंगाळले, तर एकाच्या वाट्याचा वेळ नकळत दुसऱ्याला मिळे. शिवाय मिनिटकाट्याने उचललेली लाल झेंडी नेमकी कोणत्या सेकंदाला पडेल, हे कोणी सांगू शकत नसे. बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये एकस्वासाठी मांडलेली कल्पना, म्हणजे प्रत्येक खेळीमागे थोडे सेकंद वाढवून देण्याची, या यंत्राच्या आवाक्यातलीच नव्हती. त्यासाठी डिजिटल घड्याळच हवे होते. १९९२ च्या फिशर–स्पास्की सामन्यात ते वापरले गेले.

डिजिटल घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते आणि तोच एक सेकंद. दोन्ही खेळाडूंचा वेळ या एकाच स्फटिकावर मोजला जातो. तो चुकलाच, तर दोघांसाठी सारखाच चुकतो. या यंत्राचा खरा न्याय येथे आहे.

तो चुकतो तरी किती? लखनौजवळच्या मलिहाबादेत, दशहरी आंब्याच्या बागांवर मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेथील एखाद्या शाळेच्या दालनात डाव मांडला, तर उष्णतेने स्फटिक मंदावेल काय? मंदावेल, परंतु पंचेचाळीस अंशांवरही दिवसाकाठी सुमारे एका सेकंदाने. चार तासांच्या डावात हा फरक सेकंदाचा पाचवा हिस्साही नाही. उन्हात ठेवलेल्या घड्याळाची तबकडी मात्र काळवंडते. सावलीत नेल्यावर आकडे पुन्हा दिसू लागतात.

घड्याळ बिघडते ते अन्यत्र. स्पर्धा संपल्यावर सेल आतच राहतात, पावसाळ्यात ते पाझरतात आणि पितळी पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसावा, मग स्पिरिटने कोरडा करावा आणि दोन्ही सेल एकदम नवे घालावेत. तबकडी आणि आतील विद्युत्पट यांना जोडणारी रबरी पट्टी मळली, तर आकड्याची एखादी रेघ नाहीशी होते. मधली रेघ गेली की आठाचे शून्य दिसते! पट्टी स्पिरिटने पुसली की बहुधा रेघ परतते. सर्वांत अधिक मार खातो तो वरचा खटका. घाईच्या वेळी त्यावर हात आपटले जातात, आतले टोक झिजते आणि दाबूनही घड्याळ फिरत नाही. म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी खटका दोन्ही बाजूंनी दाबून पाहणे, हीच निम्मी दुरुस्ती होय.

याहूनही अधिक घात होतो तो मांडणीत. तीस सेकंदांची वाढ द्यावयाची विसरली, तर निर्दोष घड्याळही अन्यायच मोजते. आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी शहाणपणाची तरतूद आहे. उघड दोष नसेल, तर घड्याळाचा शब्द अखेरचा. दोष दिसला, तर पंचाने घड्याळ बदलावे आणि नव्यावर किती वेळ दाखवावयाचा, ते स्वतःच्या विवेकाने ठरवावे. म्हणूनच जाणते पंच डाव चालू असताना दोन्ही बाजूंचे वेळ अधूनमधून टिपून ठेवतात. ती टिपणवही नसेल, तर विवेकालाही आधार उरत नाही.

जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपीविरुद्धचा विश्वचषकाचा अंतिम सामना जलद डावांत जिंकला. अशा डावात एकेक सेकंद मोलाचा असतो. तालुक्याच्या गावी खेळणाऱ्या मुलीचा सेकंदही तितकाच मोलाचा आहे. स्फटिक तिची फसवणूक करणार नाही. तिची भिस्त आहे ती सेल बदलणाऱ्या, खटका तपासणाऱ्या आणि वेळ टिपून ठेवणाऱ्या माणसावर.