डोंगरी सायकल, डांबरी वाट

चिरंजीवांची सायकल वर्षभर गॅलरीत धूळ खात उभी होती. हट्टाने घेतलेली, जाड टायरांची, गिअरची! बारावीच्या वर्षी मीच ती तिथे नेऊन ठेवली. "डोंगर चढून मार्क मिळत नाहीत," असे वर ऐकवलेही.

पुढे चिरंजीव परगावी वसतिगृहात गेले आणि इकडे डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहून कपाळाला आठी घातली. "सर, रोज थोडे पाय हलवा." पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकलीचे काय भय? मी धूळ झटकली.

पहिल्याच दिवशी गर्व उतरला. कोथरूडहून कॉलेज अवघे सहा किलोमीटर. पण चाके घरघरत होती, चिखलातून चालल्यासारखी जड येत होती. जोर लावावा तर पुढचा भाग खालीवर डुले. वर्गात हजेरी घेण्याइतकाही दम उरला नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. ते मला फार लागले.

संध्याकाळी कोपऱ्यावरचे सायकलवाले काका म्हणाले, "सर, ही डोंगराची. सडकेवर अशी कशी पळेल?"

खरेच होते. या सायकलीचे मूळ कॅलिफोर्नियातले. १९७० च्या दशकात तिथल्या तमालपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून मातीच्या उतारांवर बेभान सुटत. एका उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. मातीत पकड हवी म्हणून या टायरांना गुठळ्या, धक्के सोसावेत म्हणून पुढे स्प्रिंग. डांबरावर मात्र गुठळ्या दबता-उठता आपलीच शक्ती खातात आणि उभे राहून पायडल मारताना थोडे बळ स्प्रिंग गिळते.

काकांनी दोन इंचांहून रुंद टायर काढून दीड इंची गुळगुळीत चढवले. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा टच्च भरली. स्प्रिंगची कळ फिरवून ती घट्ट केली. पायडल खाली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी सीट उंचावली. मडगार्ड, कॅरिअर, घंटी आणि मागे लाल दिवाही आला. हलके गिअर चढावर उपयोगी, भक्कम चाके खड्ड्यांत. ते तसेच राहिले. आता हजेरी घेऊन शिकवायलाही दम उरतो.

दिवाळीला चिरंजीव आले. गॅलरी रिकामी पाहून खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. माझ्या मनात अपराध्याची धाकधूक. मी म्हणालो, "तुझे टायर माळ्यावर जपून ठेवलेत. आजच बदलून घेतो."

"राहू द्या, बाबा. पण रविवारी वेताळ टेकडीवर जाताना तेच घालू. मी मित्राची सायकल आणतो, तुम्ही ही घ्या." मग हळूच हसून, "फक्त एक लक्षात ठेवा, डोंगर चढून मार्क मिळत नाहीत हं!"

सौ. स्वयंपाकघरातून मोठ्याने हसल्या. मी मुकाट्याने माळ्यावर चढलो.