पेशी किती हैत?

पोळा उलटला की नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये लॅबच्या खिडकीवर एकच प्रश्न सुरू होतो, "भाऊ, पेशी किती हैत?" पेशी म्हणजे प्लेटलेट. बाकीच्या पेशींशी कुणाला देणंघेणं नसतं. खिडकीच्या आत बसलेले आम्ही लॅबवाले मात्र आधी पांढऱ्या पेशींचा आकडा बघतो.

निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. डेंग्यूत तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या दोन-तीन हजारांवर येतात, कारण विषाणू अस्थिमज्जेचं काम काही दिवस दाबून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत पुढचा क्रमही दिला आहे. पांढऱ्या पेशी उतरत जातात, मग प्लेटलेट झपाट्यानं पडतात आणि त्यानंतर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. जिवावर बेततं ते या झिरपण्यानं.

लोह्याचा पाहुणा

लोह्याहून एक तरुण मित्राच्या मोटारसायकलवर आला होता. तापाचा तिसरा दिवस, प्लेटलेट १,६०,००० आणि पांढऱ्या पेशी २,४००. "दीड लाखाच्या वर हैत ना? मग काय!" म्हणत दोघं निघालेच होते. रिपोर्टवर सल्ला लिहायचा नाही हा लॅबचा दंडक आहे, पण डॉक्टरांना फोन लावायला कुणाची मनाई नाही. आमच्या जुन्या टेक्निशियननं तो लावला. पोरगा शहरातच थांबला. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ६२,००० आणि रक्ताचा घट्टपणा, म्हणजे हिमॅटोक्रिट, ३९ वरून ४६ वर. सलाइन वेळेत लागलं.

सुईची करामत

प्रत्येक वेळी आकडा असा सरळ बोलत नाही. एका बाईंची सगळी लक्षणं डेंग्यूची होती, पण पांढऱ्या पेशी ११,८०० निघाल्या. मशीनवर विसंबून चालणार नव्हतं, म्हणून काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. विषाणूच्या तापात दिसतात तशा मोठ्या, निळसर लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, त्यात जागोजागी होत्या. लॅबच्या सरांनी बाहेर येऊन विचारलं, "मावशी, गावात सुई घेतली का?" "दोन घेतल्या की. लगेच घाम सुटला, ताप उतरला." त्यातली एक स्टेरॉइडची असावी. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात उतरतात आणि आकडा फुगतो. ताप उतरतो, रिपोर्ट चांगला दिसतो, आजार मात्र जागेवरच असतो.

लातूरची धावपळ

लातूरला डेंग्यूचं एक वेगळंच कारण आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरात नळ रोज येईल यावर कोण विश्वास ठेवणार? घरोघरी बॅरल, टाक्या, रांजण भरलेले, आणि एडिस डासाला हवं असतं ते हेच स्वच्छ, साठलेलं पाणी. दुष्काळी गावात डेंग्यू कसा, याचं उत्तर त्या बॅरलमध्ये असतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगत असतं ते याचसाठी.

तिथल्या एका घरात प्लेटलेट १८,००० असा रिपोर्ट गेला आणि रक्तपेढीबाहेर सगळी भावकी गोळा झाली. आम्हाला खटकला तो पांढऱ्या पेशींचा आकडा. तो ७,२०० होता. डेंग्यूत प्लेटलेट एवढ्या तळाला गेल्या असताना पांढऱ्या इतक्या निवांत? काचपट्टीवर प्लेटलेटच्या गुठळ्याच गुठळ्या दिसल्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आकडा आला १,४०,०००. भावकी चहा पिऊन घरी गेली.

ताप उतरल्यावर

ताप उतरला की घरचे सुट्टी मागतात. डेंग्यूत नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. एका मुलाच्या वडिलांना सहाव्या दिवशी धीर धरवेना. "पेशी अठ्ठावीस हजारच हैत, बाटली का चढवीनात?" डॉक्टरांनी शांतपणे दोन रिपोर्ट शेजारी धरले. काल पांढऱ्या १,९००, आज ३,६००. मुलगा भूक लागली म्हणत होता, लघवी भरपूर होत होती, कुठंही रक्तस्राव नव्हता. बरं होताना पांढऱ्या पेशी आधी चढतात, प्लेटलेट मागून येतात. प्लेटलेटची बाटली चढवली नाहीच, उलट सलाइन कमी केलं, कारण झिरपलेलं पाणी आता परत रक्तात येत होतं.

पांढऱ्या कमी म्हणजे डेंग्यूच, असं मात्र नाही. साध्या विषाणूजन्य तापात, चिकुनगुन्यात, जिवाणूंमुळे होणाऱ्या टायफॉइडमध्येही त्या उतरतात आणि बरेच जण घरीच बरे होतात. कोविडमध्ये एकूण आकड्यापेक्षा घसरलेल्या लिम्फोसाइटवर डॉक्टरांची नजर असायची. एकट्या आकड्यावरून आजाराची खोली मोजता येत नाही; कितवा दिवस, काल किती होत्या आणि पेशंट कसा दिसतो, हे जोडीला लागतं.

तेव्हा खिडकीवर "पेशी किती?" जरूर विचारा. फक्त रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलात की आणखी एक विचारा, "पांढऱ्या खाली चालल्यात का वर?" कालचा रिपोर्ट सोबत न्या, कारण त्याच्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही देता यायचं नाही.