कळा यायचं औषध दिलं, तरी बाळंतपण लांबलं : थांबायचं कधी, आवाज द्यायचा कधी?

सकाळी दहाला ॲडमिट केलं, कळा यायची गोळी दिली. घरच्यांनी धरून ठेवलं, संध्याकाळपर्यंत पोरगी मोकळी होणार. संध्याकाळ झाली, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला तरी काहीच नाही. गावाकडून फोनावर फोन, "झालं का?" मग ओट्यावर बसलेल्यांत चर्चा सुरू होते. एक म्हणतो, इथं काही खरं नाही, गाडी काढा, खाजगीत नेऊ. दुसरा म्हणतो, सिझर करून टाका म्हणावं. सरकारी दवाखान्याच्या बाहेर हे बोलणं कायम कानावर येतं.

यात दोन वेगळे उशीर एकात मिसळलेले असतात. एक उशीर औषधाचा, म्हणजे शरीराला लागणारा वेळ. दुसरा उशीर दवाखान्याचा, म्हणजे खाट नाही, टेबल रिकामं नाही, डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये अडकलेत. पहिल्या उशिरात धीर धरावा लागतो. दुसऱ्यात विचारावं लागतं, आणि काही वेळा आवाजही द्यावा लागतो. कोणता उशीर चालू आहे हे घरच्यांना कळलं तर निम्मी धावपळ वाचते.

कळा आणायची वेळ का येते?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, ही डॉक्टरांनी दिलेली तारीख. त्या तारखेलाच बाळ येतं असं नाही, दोन-चार दिवस मागंपुढं होतंच. पण ४१ आठवडे पूर्ण झाले आणि कळा नाहीत, तर औषधानं कळा आणाव्यात असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्याहून जास्त दिवस वर गेले तर बाळाला धोका वाढतो.

दिवस भरायच्या आधीही कधी कधी कळा आणाव्या लागतात. बीपी वाढलं, शुगर आहे, पाणमोट फुटली पण कळा सुरू नाहीत, पोटातलं पाणी कमी झालं, बाळाची वाढ थांबली, अशी कारणं असतात. आपल्या बाईचं कारण कोणतं, हे ॲडमिट होतानाच विचारून घ्या. कारण उशीर किती चालेल हे त्यावरच ठरतं. नुसते दिवस वर गेलेत आणि बाळ-बाळंतीण ठीक आहेत, तर औषध चार-सहा तास उशिरा सुरू झालं म्हणून सहसा बिघडत नाही. पण बीपी वाढलेलं आहे किंवा पाणी जातंय, तर तोच उशीर महागात पडू शकतो.

औषधाला एवढा वेळ का लागतो?

कळा यायच्या आधी गर्भपिशवीचं तोंड मऊ आणि पातळ व्हावं लागतं. ते कडक असताना नुसत्या कळा आणून उपयोग नसतो. कैरी अढीत घातली तरी पिकायला तिचे दिवस घेतेच, तसंच हे. म्हणून पहिलं औषध हे तोंड मऊ करण्यासाठी असतं.

त्याचे तीन प्रकार आपल्याकडे दिसतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी, ही तोंडानं द्यायची असेल तर २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी. दुसरं डायनोप्रोस्टोन जेल, ते आतून लावतात आणि पुढची तपासणी साधारण सहा तासांनी होते. तिसरा फुगा, म्हणजे फोलीज कॅथेटर. तो आत फुगवून ठेवतात, तोंड उघडलं की आपोआप बाहेर येतो, त्याला बारा ते चोवीस तास लागू शकतात.

तोंड थोडं उघडल्यावर कळा वाढवायला ऑक्सिटोसिनची सलाईन लावतात. तीही लगेच लावता येत नाही. शेवटच्या मिसोप्रोस्टॉल गोळीनंतर किमान चार तास आणि जेलनंतर सहा ते बारा तास थांबावं लागतं. त्यामुळं "सकाळपासून नुसतं झोपवून ठेवलंय" असं आपल्याला वाटतं तेव्हा काही वेळा दोन औषधांमधलं हे सक्तीचं अंतर चालू असतं.

पहिलटकरणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. औषध सुरू केल्यापासून मोकळी होईपर्यंत एक दिवस, कधी दोन दिवस, हे नेहमीचं आहे. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा फार हळू जातो. त्यानंतर वेग येतो, तरी पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. पूर्ण उघडणं म्हणजे दहा सेंटिमीटर. आपण तासावर हिशोब करतो आणि बाईला वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं काही नसतं. "झालं का?" हा प्रश्न तिला दर अर्ध्या तासानं विचारू नका.

दवाखान्याचा उशीर

प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण सहा खाटांचं, ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. रात्री ड्युटीवर माणसं मोजकी. अशात एखादी झटके आलेली किंवा रक्तस्राव होणारी बाई आली की सगळे तिकडं धावतात, आणि ठरवून कळा आणायची केस मागं पडते. हे योग्यच आहे. उद्या ती वेळ आपल्या बाईवर आली तर आपल्यालाही तसंच हवं असेल. पण मागं ठेवलं तर तसं सांगायला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात बाळाचे ठोके तपासायला पाहिजेत.

माझ्या चुलतबहिणीच्या वेळी एका दवाखान्यात रात्री दोनला सलाईन बंद केली. का, ते कोणी सांगितलं नाही. बाहेर आमची मंडळी भांडायच्या तयारीत. माझी चुलती आत जाऊन सिस्टरला शांतपणे म्हणाली, "बाई, भांडायला नाही आले, फक्त सांगा, बाळ बरं आहे ना आणि पुन्हा कधी सुरू करणार?" तेव्हा कळलं, कळा फार जवळजवळ यायला लागल्या म्हणून बंद केली होती. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा आल्या तर औषध थांबवावंच लागतं, कारण दोन कळांच्या मधल्या वेळातच बाळाला नीट श्वास, म्हणजे रक्तपुरवठा मिळतो. ओरडून जे कळलं नसतं ते एका प्रश्नानं कळलं.

शाळेची एक वही जवळ ठेवा

जवळच्या एका माणसानं वहीत वेळा लिहीत जा. फार काही नाही, एवढंच :

१. कळा का आणतायत?
२. कोणतं औषध, किती वाजता दिलं?
३. पुढची तपासणी किती वाजता?
४. तोंड किती उघडलं?
५. बाळाचे ठोके किती? (मिनिटाला ११० ते १६० ठीक.)
६. औषध लागू पडलं नाही तर पुढं काय, आणि सिझर इथंच होईल का?

सहावा प्रश्न सुरुवातीलाच विचारा. सिझरची सोय असेल तिथंच कळा आणणं सुरक्षित असतं. भूल देणारे डॉक्टर हजर आहेत की बोलवावे लागतात, रक्ताची सोय कुठं आहे, हेही दिवसाउजेडी विचारून ठेवा. आणि एक गोष्ट आपणहून सांगा : आधी सिझर झालेलं असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. अशा बाईला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, कारण जुना टाका उसवून गर्भपिशवी फाटू शकते.

सांगितलेली तपासणीची वेळ टळून गेली तर ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा. उत्तर नाही मिळालं तर मेडिकल ऑफिसर, त्यांच्या वर वैद्यकीय अधीक्षक. वही हातात असली की बोलणं वेळेवर राहतं, भांडणावर जात नाही.

आत बाईजवळ कोण असावं?

सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ घरची एक बाई थांबू द्यावी, अशा केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत. स्वतः बाळंतपण झालेली बाई असावी, आणि आडोशाची सोय असेल तिथं नवराही थांबू शकतो. आई, सासू, नणंद, जाऊ, जिच्याजवळ पोरीला धीर वाटतो तिला पाठवा. घरातला मान बघून ठरवू नका.

आतल्या बाईनं काय करायचं? कळा कमी आहेत तोवर पोरीला झोपू द्यायचं, पुढं ताकद लागणार आहे. उठता येत असेल तर थोडं चालवायचं. झोपली तर डाव्या कुशीवर. दर दोन तासांनी लघवीला नेऊन आणायचं. पेज, चहा, बिस्कीट, पाणी द्यायला सहसा हरकत नसते, पण सिझरची शक्यता असेल तर बंद करायला सांगतात, म्हणून आधी सिस्टरला विचारा. कळ आली की कंबर चोळायची आणि श्वास सावकाश सोडायला लावायचा.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. तोंड पूर्ण उघडायच्या आधी "जोर लाव" म्हणायचं नाही, त्यानं बाई दमते आणि तोंडाला सूज येते. आणि वरून पोटावर दाब द्यायचा नाही, कोणी कितीही जुनी पद्धत म्हणून सांगितली तरी.

हे दिसलं तर थांबू नका, लगेच सिस्टरला बोलवा

अंगावरून जास्त रक्त जाणं. डोकं फार दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, झटके. कळांना मध्ये सुट्टीच नसणं, पोट दगडासारखं कडक राहणं. जोराच्या कळा अचानक थांबून पोटात सतत दुखणं. बाळाची हालचाल कमी होणं. हिरवं किंवा वास येणारं पाणी जाणं. थंडी वाजून ताप. नाळ बाहेर दिसणं. यातलं काहीही असलं तर रांग नाही, वेळ नाही, मध्यरात्र असली तरी आवाज द्यायचा.

मध्येच दवाखाना बदलताय?

खरा धोका इथं आहे. औषध पोटात आहे, कळा कधीही वाढतील, आणि आपण बाईला जीपमध्ये घालून पन्नास किलोमीटर निघतो. पुढच्या दवाखान्यात आधी काय दिलंय हे माहीत नसलं तर तिथं पुन्हा औषध दिलं जातं, आणि दोन्ही मिळून कळा आवरेनाशा होतात. म्हणून हलवायचंच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. औषध, मात्रा आणि वेळ लिहिलेली रेफर चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. वहीही सोबत द्या. गाडी १०८ किंवा १०२ ची मागा.

"घरी जाऊन वाट बघू" हेही नको. आणि गावात कोणाकडून कळा वाढवायचं इंजेक्शन तर अजिबात नको. म्हशीचा पान्हा सोडवायला काही लोक जे इंजेक्शन चोरून मारतात, ते हेच ऑक्सिटोसिन. दवाखान्यात ते सलाईनमधून थेंब मोजून देतात, ठोके बघत कमी-जास्त करतात. एकदम टोचलं की परत काढता येत नाही. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

सिझरची घाई नको, आणि नकारही नको

पाणमोट फोडून सलाईन चालू केल्यावरही बारा ते अठरा तास वाट बघतात, बाळ-बाळंतीण ठीक असतील तर. त्याआधी "उरकून टाका" म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. पहिलं सिझर झालं की पुढच्या प्रत्येक बाळंतपणाची जोखीम वाढते. पण ठोके कमी झाले म्हणून डॉक्टर सिझर म्हणाले, तर सही करायला गावाहून मोठ्या माणसाची वाट बघू नका. तिथं मिनिटं मोजायची असतात, आणि तो उशीर दवाखान्याचा नसतो, आपला असतो.

खर्चाची भीती घालून कोणी घाई करत असेल तर लक्षात ठेवा : जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त मोफत आहे. जेवणही मिळतं, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस. घरून दवाखाना, दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी, ही गाडीही मोफत.

घरात कोणाचे दिवस भरत आले असतील तर आजच आशाताईंशी बोला. आपल्या भागात कळा आणायची केस कोणत्या दवाखान्यात घेतात आणि तिथं रात्री सिझर होतं का, एवढं विचारून घ्या. उत्तर माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागं पेननं लिहून ठेवा, शेजारी १०८, १०२ आणि सल्ल्यासाठी १०४ हे नंबर. फोनची बॅटरी संपली तरी कार्ड पिशवीत असतं.