फिलिपिन्सचा इफ्तार आपल्या चुलीवर

रमजान सुरू झाला की आम्हा मुसलमानांना शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात, ‘मग बिर्याणीला कधी बोलावताय?’ विचारण्यात आपुलकी असते आणि बोलावण्यात आम्हालाही आनंदच. पण त्यामागे एक समजही लपलेला असतो, की मुसलमानाचं जेवण म्हणजे बिर्याणी, कबाब आणि शिरखुर्मा. कोकणी मुसलमानाच्या घरात तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं माशाचं कालवण आणि सांदण हेच मूळचं जेवण आहे, हे बाजूच्या जिल्ह्यातल्या माणसालाही कधी कधी ठाऊक नसतं. मग जगभरच्या मुसलमानांच्या ताटाची काय कथा! म्हणून आज जाऊ या फिलिपिन्सला.

हा देश आपल्याला अगदीच परका नाही. रायगड-रत्नागिरीची मुलं व्यापारी जहाजांवर चढतात किंवा आखाती देशांत नोकरीला जातात, तिथं फिलिपिनो सहकारी भेटतोच. त्याच्या डब्यात बहुतेकदा ‘अडोबो’ असतो. सिरका, सोया सॉस आणि लसणात शिजवलेलं हे मांस फिलिपिन्सचं सर्वांत लाडकं पक्वान्न. मांस सिरक्यात मुरवून टिकवण्याची रीत तिथं आधीपासून होती, तिला नाव मात्र स्पॅनिश राज्यकर्त्यांचं चिकटलं. अडोबो बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा असतो आणि सणाचा मान अख्ख्या भाजलेल्या डुकराला, म्हणजे ‘लेचोन’ला. त्यामुळे मुसलमान खलाशी ‘आपल्याला काही चालायचं नाही’ म्हणून बाजूला होतो.

खरं तर अडोबो हलाल करणं सोपं आहे. एक किलो हलाल कोंबडी, अर्धी वाटी सोया सॉस, अर्धी वाटी सिरका, दहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या, दोन-तीन तमालपत्रं, चमचाभर काळी मिरी आणि एक वाटी पाणी, सगळं एकत्र करून मंद आचेवर पाऊण तास ठेवायचं. सिरक्याला उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, म्हणजे त्याचा उग्रपणा निघून जातो. सोया सॉस मुळातच खारट, म्हणून मीठ चव घेऊनच घालावं. काही सोया सॉसमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचूनच घ्या.

पण फिलिपिन्समध्ये अडोबोच्या पलीकडे आणखी एक स्वयंपाकघर आहे. देशाच्या दक्षिणेला मिंदानाओ बेट आणि सुलू द्वीपसमूह आहे. तिथल्या सिमुनुल बेटावर १३८० मध्ये मशीद उभी राहिली, असं परंपरा सांगते. स्पेनची सत्ता तिथं रुजली १५६५ पासून, म्हणजे जवळपास दोन शतकांनी. १८९८ पर्यंत स्पेनने राज्य केलं, तरी दक्षिणेकडचे मुसलमान पूर्णपणे त्याच्या हाती आले नाहीत. आज ते देशाच्या लोकसंख्येत सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यांचे पदार्थ अरबस्तानातून आलेले नाहीत. नारळ, हळद, आलं, गवती चहा आणि तांदूळ यांवरच ते उभे आहेत. कोकणातल्या माणसाला या यादीत अनोळखी असं काय आहे?

लानाओ सरोवराकाठी मारानाओ लोक राहतात. त्यांच्या घरात ‘पालापा’ नसेल तर जेवण अपुरं. ‘साकुराब’ नावाचा बारीक पातीचा कांदा, आलं आणि तिखट मिरच्या ठेचून ते नारळाच्या भाजलेल्या किसाबरोबर परतायचं, हा पालापा. आपल्याकडे साकुराब मिळत नाही. पाव किलो पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घ्या. त्यात दोन इंच आलं आणि आठ-दहा लाल मिरच्या घालून खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये त्याचं पाणी होतं. कढईत थोड्या तेलावर मंद आचेवर ओलावा जाईपर्यंत परता, मग वाटीभर भाजलेला नारळाचा कीस आणि मीठ घाला. आपल्या ठेच्याचा हा दूरचा भाऊच.

या पालाप्यातून ‘पियापारान’ होतं. तेलात चार चमचे पालापा परतून त्यावर एक किलो कोंबडी, चमचाभर हळद, गवती चहाची ठेचलेली दोन खोडं आणि मीठ घाला. नारळाच्या पातळ रसात शिजवा. शेवटी घट्ट रस आणि अर्ध्या नारळाचा ताजा कीस घालून एक वाफ आणा. सोबत हळद घालून केलेला पिवळा भात. रोजा सोडताना आधी खजूर आणि पाणी, मग मगरिबच्या नमाजनंतर हे ताट, पोटालाही बरं वाटतं.

मारानाओंचं मुख्य शहर मरावी. २३ मे २०१७ रोजी सशस्त्र अतिरेक्यांनी ते ताब्यात घेतलं. रमजान अवघ्या काही दिवसांवर आला होता. पाच महिने लढाई चालली, शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला आणि लाखो माणसं घर सोडून गेली. त्या रमजानचे इफ्तार शाळांमध्ये, छावण्यांमध्ये, नातेवाइकांच्या ओसरीवर झाले. अतिरेकी ख्रिस्ती माणसांना शोधत होते, तेव्हा नोरोदिन आलोन्तो लुक्मान या माजी लोकप्रतिनिधींनी कितीतरी ख्रिस्ती कामगारांना आपल्या घरात लपवलं आणि जूनच्या सुरुवातीला, म्हणजे रमजानातच, त्यांना घेऊन ते शहराबाहेर पडले. धर्माचं नाव घेऊन शहर पेटवणारेही तिथं होते आणि धर्म पाळून शेजाऱ्याला वाचवणारेही. पुढं विस्थापित बायकांनी पालापाच्या बरण्या भरून विकायला सुरुवात केली. घर गेलं तरी ठेचणारा हात आणि जिभेवरची चव त्यांनी बरोबर नेली होती.

सुलूच्या तौसुग लोकांचा ‘तियुला इतुम’ म्हणजे काळा रस्सा. खोबरं विस्तवावर अगदी काळं होईपर्यंत जाळायचं, तेल सुटेपर्यंत वाटायचं आणि आलं, लसूण, हळद, गवती चहा यांच्यासह मटणाला चोळून भरपूर पाण्यात मऊ शिजवायचं. लग्नात आणि ईदला हा रस्सा लागतोच. विस्तवावर भाजलेल्या खोबऱ्याचं काळं वाटण खानदेशच्या घराघरांत होतं. त्या सुगरणींना हे वेगळं शिकवावं लागणार नाही, फक्त खोबरं नेहमीपेक्षा थोडं जास्त काळं होऊ द्यावं लागेल.

गोडाचं पान तर आणखी जवळचं. नारळाचं गोड सारण भरलेली तांदळाच्या पिठाची गुंडाळी म्हणजे ‘दाराल’. गोव्यात गव्हाच्या पिठाची तशीच गुंडाळी ‘आळेबेळे’ म्हणून मिळते. आणि ‘दोदोल’ तर नावासकट तोच. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गोडवा, तासन्‌तास घोटत राहायचं. मिंदानाओत तो मुसलमानांच्या घरी होतो, गोव्यात ख्रिस्ती घरांत नाताळला. एकाच कढईत दोन धर्मांचे सण शिजतात, हे यापेक्षा सोपं करून कोण सांगणार?

हलालची रेषा आम्ही पाळतो, ती काय खाऊ नये एवढंच सांगते. काय खावं, ते त्या त्या मातीवर, समुद्रावर आणि आईच्या हातावर सोडलेलं आहे. फिलिपिन्स हा ख्रिस्तीबहुल देश, पण २००२ च्या कायद्याने तिथं ईद-उल-फित्रची देशभर सुट्टी असते. यंदा ईदला शेजाऱ्यांना बोलवाल तेव्हा बिर्याणीच्या पातेल्याशेजारी पियापारानचं एक छोटं पातेलं ठेवून बघा. ‘हे काय?’ असं कुणी विचारलं, तर गप्पांना मरावीपासून सुरुवात करता येईल.