सण एकच, मग रंग कधी? धुळवडीला की रंगपंचमीला?

मुंबईत धुळवडीच्या सकाळीच सोसायट्यांच्या आवारात पिचकाऱ्या निघतात. जुन्या नाशकात मात्र तो दिवस दाजिबा वीराच्या मिरवणुकीचा, रंग पंचमीला. असे का?

नेमका फरक काय?
फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते. दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला धूलिवंदन. नावातच धूळ आहे. हा दिवस होळीची राख अंगाला लावण्याचा. महाराष्ट्रात रंगाचा मान परंपरेने वद्य पंचमीला, म्हणून ती रंगपंचमी. उत्तर भारतात मात्र रंग प्रतिपदेलाच खेळतात.

नाशिकच्या रहाडी
रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद. या रहाडी पेशवेकालीन मानल्या जातात. वर्षभर त्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात. रंगपंचमीआधी त्या उघडून साफ करतात. फुले उकळून केलेला रंग त्यात ओततात. पूजा झाली की काठावरून धपाधप उड्या पडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो.

कोकणात पालखी, गोव्यात शिमगो
इथे रंगापेक्षा देव मोठा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, ओटी भरली जाते, गाऱ्हाणे घातले जाते. एरवी देवळात जाऊन घ्यायचे दर्शन या दिवसांत उंबऱ्याशी येते. म्हणूनच गणपतीप्रमाणे चाकरमान्यांची गर्दी शिमग्यालाही असते. गोव्यात रोमटामेळ आणि घोडेमोडणी रंगते.

सातपुड्यात रात्रभर ढोल
नंदुरबार जिल्ह्यातील काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबूचा दांडा उभारला जातो. मोरपिसांचे टोप घातलेले आदिवासी बांधव रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. परिसरातील गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात. त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीला जाऊ शकतात.

महाराष्ट्राबाहेर रंगपंचमी?
होळकरांच्या इंदुरात याच दिवशी राजवाड्याच्या परिसरात गेर निघते. रंग उधळत जाणारी ही मिरवणूक पाहायला मोठी गर्दी होते.

मग शहरांत पंचमी मागे का पडली?
एक कारण साधे आहे, सुटी. राज्याच्या सार्वजनिक सुट्यांत धूलिवंदन आहे, रंगपंचमी नाही. पंचमीला शाळा आणि ऑफिस सुरू असते. त्यात हिंदी सिनेमाने रंग आणि होळी यांचे समीकरण पक्के केले. रंग खेळायचे राहत नाहीत, पण राख, रंग आणि पालखी यांचे वेगवेगळे दिवस एकाच सकाळीत मिसळून जातात. मुलांनी ‘रंगपंचमी म्हणजे काय?’ असे विचारले, तर निदान त्या दिवसाची तिथी तरी त्यांना सांगता यायला हवी.